घरातली काळी पट्टी

११ फेब्रुवारी

ताईस नमस्कार,

हे पत्र आधी वहीत लिहिलं, अडलेले शब्द तुझ्या शब्दकोशात पाहिले आणि मग चांगल्या कागदावर उतरवून काढलं. तरी चुका राहिल्या असतील. नेहमीसारख्या लाल पेनने दाखव आणि पत्र परत पाठव.

घराची नोंदणी काल झाली. पहिला मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आईला अठरा पायऱ्या चढायला लागतात, मी मोजल्या. समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर थोडी ठोकाठोक राहील, पण संध्याकाळी सातला बंद होतं. खिडक्यांना गज आहेत. जुनी फरशी दोन ठिकाणी पोकळ वाजते. ती सगळी काढून मी नवी बसवणार आहे. लोकांच्या घरात एवढ्या फरश्या बसवल्या, आता आपल्या.

नोंदणी कार्यालयात मामा बरोबर होते. सकाळी नऊपासून बाकावर बसून होतो. कारकुनाने बाबांच्या नावातली वेलांटी चुकवली होती. मी बोट ठेवून दाखवली. तो म्हणाला, "एवढ्याने घर पडत नाही हो." मी म्हटलं, "पडत नसेल, पण दुरुस्त करा." मामा त्याला म्हणाले, "करून टाका साहेब. आठवी शिकलाय, पण हेडमास्तरच्या वर आहे." सगळे हसले. मी पानं तीनदा वाचली. एकही अक्षर चुकीचं राहिलं नाही.

एक गोष्ट कळवायची आहे. तुझं मुखत्यारपत्र वेळेवर आलं नाही. तुला रजा मिळाली नाही म्हणून तुझ्या वतीने मी सही करावी असं ठरलं होतं, पण त्यासाठी तो कागद हातात लागतो. त्यामुळे खरेदीखतावर सध्या माझ्या एकट्याचं नाव आहे. मामा म्हणतात, नंतर घालता येतं, त्यात विशेष काही नाही. ठरल्याप्रमाणे घर अर्धं तुझं आणि अर्धं माझं, हे मी इथे लिहून देतो.

आई बरी आहे. नव्या घरात देव्हारा कुठे ठेवायचा याची तिला माझ्यापेक्षा जास्त काळजी लागली आहे.

तुझा
इंच्या


३ मार्च

ताईस नमस्कार,

माझं पत्र परत मिळालं. लाल खूण एकच आहे. "तुझं मुखत्यारपत्र वेळेवर आलं नाही" या वाक्याभोवती तू गोल काढला आहेस आणि समासात काहीच लिहिलेलं नाही.

मी पाचही शब्द शब्दकोशात पाहिले. मुखत्यारपत्र या शब्दाचा 'मु' ऱ्हस्व आहे, मी ऱ्हस्वच लिहिला आहे. वेळेवर हा एकच शब्द आहे, मी जोडूनच लिहिला आहे. चूक कुठे आहे ते कळलं नाही. आधी तू चुकलेला शब्द शेजारी बरोबर लिहून द्यायचीस.

तुझ्याकडून घरकर्जाच्या या महिन्याच्या हप्त्याचे अर्धे पैसे आले. मनिऑर्डरवर निरोपाची जागा असते, ती कोरी होती. पोस्टमन म्हणाला, "काही लिहिलेलं नाही. बघा बरं उलटून." मी उलटून पाहिलं. तू आईशी फोनवर रोज बोलतेस आणि माझा नंबर दिसला की उचलत नाहीस, हे आई मला सांगत नाही, पण तिच्या तोंडावरून कळतं.

कदाचित माझ्या वाक्यात तपशील कमी पडला असेल. तर तो असा. तुझा लिफाफा आला, पण दहा तारखेलाच दुपारी आला, आम्ही नोंदणी करून घरी परतल्यावर. म्हणजे आला नाही असं नाही, उशिरा आला. आणि आला असता तरी मामांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले, "अरे, एकट्याच्या नावावर असलं तर बँकेचं काम सोपं होतं. उद्या तुझं लग्न ठरवायचं म्हटलं तर मुलीकडचे आधी कागद बघतात. आणि ताईचं काय, आज ना उद्या तिच्या घरी जाईल." मोठ्या माणसासमोर मी काय बोलणार? तू मला लहानपणापासून ओळखतेस, मी तोंडातून शब्द काढायला किती वेळ लावतो.

जुनी फरशी काढून झाली. खाली आधीच्या मालकाच्या मुलाचा खेळण्यातला काचेचा कंचा सापडला. हिरवा आहे. आईने तो खिडकीत ठेवला आहे.

तुझा
इंच्या


२७ मार्च

ताई,

तू पाठवलेली झेरॉक्स मिळाली. कुरिअरच्या पोचपावतीवरची सही माझी आहे, अक्षर माझं आहे. आठ फेब्रुवारी ही तारीख माझ्याच हातची आहे आणि तिच्याखाली वेळ आहे, चार वाजून वीस मिनिटं. दुसरी माणसं नुसती रेघ ओढून मोकळी होतात. मी तारीख आणि वेळ घालतो. त्या पोऱ्याने मला विचारलंही होतं, "काका, वेळ कशाला?" त्याच्यापेक्षा मी दोन-तीन वर्षांनीच मोठा असेन.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पावती तुझ्या पाकिटात होती आणि तू मला महिनाभर शब्दकोश चाळायला लावलास.

बरं, आठ तारखेला आला लिफाफा. पुढे बोलू.

सुरुवातीला भरलेली रक्कम सगळी तुझी, हे मला मान्य आहे. हप्त्यात अर्धा वाटा तुझा, हेही मान्य आहे. कागदावर येतं ते सगळं तुझ्याकडे आहे. आता कागदावर न येणारं सांगतो. बाबा गेले तेव्हा तू बारावीत होतीस, मी आठवीत. दोघांतल्या एकाने शाळा सोडायची होती. कोणी सोडली? मी तेरा वर्षांचा असताना ओल्या सिमेंटात गुडघे टेकून बसत होतो. माझ्या बोटांना सिमेंटने भोकं पडली तेव्हा तू कॉलेजात प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून उभी होतीस. आज औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासतेस, तुझी सही झाल्याशिवाय खोकं बाहेर जात नाही, ती नोकरी कशावर उभी आहे? खरेदीखतात नाव, वय, धंदा, पत्ता या सगळ्याला जागा असते. शाळा सोडली त्याला रकाना नसतो.

एवढं एकदा लिहायचं होतं. हे पत्र वहीत आधी लिहिलेलं नाही. चुका असतील तर असू देत.

इंच्या


१८ एप्रिल

ताईस नमस्कार,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण आईकडून कळलं की वसतिगृहात तीस वर्षांच्या वर राहू देत नाहीत आणि तुला जूनअखेर खोली सोडायची आहे. आई म्हणाली, "मी तिला म्हटलं, ये की घरी. तर म्हणते, कुणाच्या घरी?"

हे ऐकल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग मी ठरवलं की नुसतं बोलण्यात अर्थ नाही, करून दाखवायचं.

फरशी बसवताना आम्ही आधी खोलीचा मध्य काढतो. रंगात बुडवलेली दोरी दोन्ही बाजूंनी ताणून धरायची आणि मधून उचलून सोडायची. जमिनीवर सरळ रेघ उमटते. तिथून दोन्ही भिंतींकडे काम न्यायचं, म्हणजे कापलेले तुकडे दोन्हीकडे सारखे येतात. एका भिंतीला पूर्ण फरशी आणि दुसरीला चार बोटांची चिंधी असं झालं की कारागीर कच्चा समजावा. माझ्या हातून तसं कधी झालेलं नाही.

तर मी पूर्ण घराचं माप काढलं. भिंतींची जाडी सोडून, दारांचे कोनाडे धरून. बरोबर अर्धं. पुढच्या दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत दोरी मारली आणि त्या रेघेवर काळ्या फरशीची दोन इंची पट्टी बसवली. बाकी सगळी फरशी पांढरट आहे. आत आलं की पट्टी सरळ डोळ्यात भरते. डावीकडचं तुझं, उजवीकडचं माझं. सात चौरस इंचांचा फरक पडत होता, तो मी तुझ्या बाजूला घातला. फोटो पाठवला आहे.

थोड्या अडचणी आहेत. शेगडी माझ्याकडे आली आणि नळ तुझ्याकडे. आई बघून म्हणाली, "म्हणजे स्वयंपाक तुझा आणि भांडी तिची? अशी वाटणी तर तुझ्या बापालाही सुचली नव्हती." आईची खाट मधोमध आली आहे. ती म्हणते, "डोकं लेकीकडे आणि पाय लेकाकडे. कूस बदलली की मी कुणाची?" मी म्हटलं, आई, थट्टा करू नकोस, एक इंच इकडे तिकडे झालेला नाही. त्यावर ती थट्टा करायची थांबली आणि पट्टीकडे बघत बसली. म्हणाली, "सुंदर बसवलीस रे. पण घर कापल्यासारखं दिसतं."

संडास तुझ्याकडे आहे. तू नसशील तेव्हा आम्ही वापरू, याला तुझी हरकत नसेल असं धरून चालतो.

कळव.

तुझा
इंच्या


९ मे

ताईस नमस्कार,

तुझं कार्ड मिळालं. तीन महिन्यांत पहिल्यांदा तुझं अक्षर बघितलं. दोनच वाक्यं आहेत. "दोरी कुणाच्याही घरात मारता येते. मी कुणाच्या घरात येऊ, ते कागदावर दाखव."

कार्ड आईने वाचलं, मामांनीही वाचलं, कारण ते तेव्हा चहाला आले होते. मामा म्हणाले, "बरोबर विचारतेय. तिचा कागद उशिरा आला त्याला तू तरी काय करणार, पण आता किती दिवस झाले? उरकून टाक." म्हणजे मामा मला वाचवायला बघत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मी तुला लिहिलं होतं की मामांनी असं असं सांगितलं. ते बोलले हे खरं आहे, पण नोंदणी झाल्यावर, परत येताना बसमध्ये बोलले, तेही माझी समजूत काढायला. आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "ताईचा कागद आला का रे?" आणि मी "नाही" म्हणालो होतो. मामांना काही माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

आठ तारखेला चार वाजून वीस मिनिटांनी मी लिफाफा घेतला. हाताला जाड लागला. तो मी उघडला नाही. पांढऱ्या सिमेंटचा रिकामा डबा होता, त्यात ठेवून झाकण लावलं. मला असं वाटत होतं की उघडला नाही तोपर्यंत तो आला असं होत नाही. पंचवीस वर्षांच्या माणसाला असं वाटू शकतं, यावर तुझा विश्वास बसणार नाही, पण ते दोन दिवस मी खरंच तसं धरून चाललो होतो. मामांना "नाही" म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही. नोंदणीच्या बाकावर कारकुनाने विचारलं, "खरेदीदार एकच?" तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मी "हो" म्हणालो आणि लगेच वेलांटीवर बोट ठेवलं. तीनदा पानं वाचली ती त्याचसाठी. अक्षरं बघत राहिलो की बाकीचं बघावं लागत नाही.

का केलं, ते सांगतो. हाव होती असं तू म्हणशील. थोडी असेलही. पण मी बारा वर्षं दुसऱ्यांच्या घरात काम केलं आहे. काम संपलं की आमच्या पायाचे ठसे आम्हीच पुसून निघतो. दारावर पाटी लागते तेव्हा आम्ही पुढच्या घरी असतो. मला एक कागद असा बघायचा होता ज्याच्यावर वरपासून खालपर्यंत माझंच नाव असेल, शेजारी कुणी नसेल, तूसुद्धा. एक दिवस बघायचं आणि मग तुझं नाव घालायचं, असं मनाशी ठरवलं होतं. एक दिवसाचा आठवडा झाला आणि मग तुला पत्र लिहावं लागलं.

शाळेचंही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. मी मागे जे लिहिलं ते खोटं नाही, पण त्यातली एक गोष्ट मी गाळली. आईने मला विचारलं होतं, "तू सोडशील का?" तेव्हा मला आनंद झाला होता. शुद्धलेखनाच्या तासाला मास्तर मला फळ्याजवळ उभं करायचे आणि सगळा वर्ग हसायचा. उद्यापासून तिथे जायचं नाही म्हणून मी त्या रात्री पोटभर जेवलो. तू कोपऱ्यात रडत होतीस. आईला म्हणत होतीस, मी सोडते, त्याला शिकू दे. मी ते ऐकलं होतं आणि गप्प बसलो होतो. नंतर कामावर हात सोलायला लागले तेव्हा मीच मनाशी त्याला त्याग ठरवून टाकलं, आणि इतकी वर्षं तो तुझ्या नावावर मांडत आलो.

पुढे तूच म्हणालीस, दर महिन्याला मला पत्र लिही, नाहीतर आहे तेही विसरशील. पहिल्या पत्रात सत्तेचाळीस चुका होत्या. ती सगळी पत्रं माझ्याकडे आहेत, लाल खुणांसकट.

लिफाफा मी आज उघडला. तुझी सही दोन ठिकाणी आहे. आत एक चिठ्ठी होती, ती तुला आठवत असेल. "नाव नीट वाचून घे, तुझंही आणि माझंही."

सोमवारी सुट्टी घेऊन दस्तलेखकाकडे जातो.

इंच्या


३० मे

ताईस नमस्कार,

मागच्या आठवड्यात दस्तलेखकाने केलेला मसुदा तुला नुसताच पाठवला, सोबत पत्र घातलं नाही, कारण काय लिहावं कळेना. तो काल परत आला. "प्रेमापोटी व स्वखुशीने घराचा निम्मा हिस्सा बहिणीस बक्षीस देत आहे" या ओळीत 'बक्षीस' भोवती लाल गोल आहे आणि समासात लिहिलं आहे, "माझंच मला?"

वाचून तोंडात मारल्यासारखं झालं. मसुदा पाठवण्याआधी मी तो चार वेळा वाचला होता.

तसाच उठून दस्तलेखकाकडे गेलो. कार्यालयाच्या फाटकाशी त्यांचं टेबल आहे, वयस्कर आहेत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे. मी म्हटलं, बक्षीस काढा. ते म्हणाले, "बक्षीसपत्रात बक्षीस नको? उद्या लग्नपत्रिकेत लग्न नको म्हणाल." मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग तुम्हाला काय लिहायचंय?"

"झालं ते."

"असं खतात कुणी लिहीत नाही. हा कागद कायम राहतो. उद्या तुमची मुलं काढून वाचतील."

"वाचू देत."

"भावा-बहिणीत भांडण आहे का?"

"भांडण नाही. मी चुकलो आहे."

त्यांनी चष्म्याच्या काडीचा दोरा घट्ट केला. मग म्हणाले, "इतकी वर्षं इथे बसतो. चुकलो म्हणणारे येतात, पण ते मागून, वकील घेऊन येतात." आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच लिहा. मी कायद्यात बसवून देतो."

चौथं कलम मी लिहिलं आहे. सुरुवातीची सर्व रक्कम बहिणीने भरली. तिचं मुखत्यारपत्र आठ फेब्रुवारीस चार वाजून वीस मिनिटांनी मला मिळालं होतं. ते हातात असताना मी दहा फेब्रुवारीच्या खरेदीखतात तिचं नाव घातलं नाही. हिस्सा पहिल्या दिवसापासून तिचा आहे, मी तो देत नसून परत करत आहे. या कलमाचं शुद्धलेखन मी तपासलेलं नाही. तू तपास.

दस्तलेखकांनी पुढे खूप विचारलं, जे आपण दोघांनी कधी एकमेकांना विचारलंच नव्हतं. एकाला विकायचं झालं तर? मी म्हटलं, आधी दुसऱ्याला विचारायचं. हप्ता एकाला जमला नाही तर? दुसऱ्याने भरायचा आणि तेवढं त्याच्या हिश्शात धरायचं. आई? तिने राहायचं, ती असेपर्यंत तिला कुणी ऊठ म्हणायचं नाही, हे सहावं कलम. "आणि तुमच्यापैकी एक गेला तर?" ती ओळ कोरी आहे. ती आपण दोघांनी बसून भरावी लागेल.

हिश्शाचा आकडाही मी कोरा ठेवला आहे. आपलं अर्धं-अर्धं ठरलं होतं, पण मी आता हिशेब नीट मांडला. घराचे दहा भाग धरले तर चार तू रोख भरलेस. उरलेल्या सहाचं कर्ज, त्यातले तीन तुझे आणि तीन माझे. म्हणजे सात तुझे होतात. अर्ध्याला तू हो म्हणालीस तेव्हाच तू मला दोन भाग सोडले होतेस, आणि मला वाटत होतं मीच तुला देतोय. आकडा तू घाल. जो घालशील तो मी वाचणार नाही, सही करीन. नाही, वाचीन. वाचून सही करीन.

बँकेची परवानगी मिळाली. साक्षीदार म्हणून मामांना विचारायला गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तीन महिने तू माझ्या नावावर पावती फाडत होतास?" मी मान खाली घातली. "ताई माझ्याशीही तुटक बोलते, मला वाटायचं कारखान्यात काम फार असेल." मग म्हणाले, "सही करीन. पण ते चौथं कलम माझ्यासमोर मोठ्याने वाच. सगळं." मी उभा राहून वाचलं, शाळेत वाचायचो तसं. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनेही ऐकलं. या वेळी कोणी हसलं नाही.

मसुदा सोबत आहे.

इंच्या


१४ जून

ताईस नमस्कार,

मसुदा मिळाला.

चौथ्या कलमात दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या तू सुधारल्या आहेस. कलमाच्या शेवटी लाल पेनने बरोबरची खूण आहे. इतक्या वर्षांत तू मला चुका दाखवल्यास, ही खूण कधी केली नव्हतीस. आईला दाखवली तर ती म्हणाली, "एवढीशी आहे." मी म्हटलं, आहे ना.

आकड्याच्या जागी तू 'दहापैकी सहा' लिहिलं आहेस. समासातलं वाचलं. "सात होतात, ते बरोबर आहे. एक आईचं सगळं तू बघतोस त्याचा सोडला. तुझ्या शाळेचा यात धरलेला नाही. तो कुठे धरायचा ते मला अजून कळलेलं नाही." मलाही कळलेलं नाही. राहू दे तसाच.

दस्तलेखकांना आजच नेऊन दिला. ते म्हणाले, "बहिणीने चार म्हणजे तुमच्यासाठी बरेच ठेवले." मी म्हटलं, हो. नोंदणी मंगळवारी, सकाळी साडेदहाची वेळ आहे. मामा परस्पर तिथे येतील.

काळी पट्टी आता चुकीच्या जागी आहे. सहा आणि चारने मोजून पाहिलं तर ती शेगडीखालून जाते आणि आईची खाट पूर्ण तुझ्याकडे येते. आई म्हणाली, "ठरलं बाई एकदाचं." मी छिन्नी घेऊन बसलो होतो, पण एक फरशी उचलली की शेजारची हलते. पट्टी काढायची तर मधली पूर्ण ओळ काढावी लागेल. तू आल्यावर बघू. तोवर पायाखाली येते, येऊ दे.

तू शेवटी लिहिलं आहेस, "सोमवारी सायंकाळच्या गाडीने येते. सामान एक ट्रंक आणि दोन पिशव्या. मी माझ्या घरी येते आहे, तुझ्याकडे नाही." बरोबर आहे. ट्रंक उचलायला मी स्टँडवर येईन. बोलायलाच हवं असं नाही. अठरा पायऱ्या आहेत, मध्ये एक वळण आहे, ट्रंक तिथे तिरकी करावी लागते, एवढं सांगायला लागेल.

किल्लीची दुसरी जोडी करून घेतली आहे. आईकडे दिली आहे, माझ्याकडे नाही.

तुझा
इंच्या

ता. क. तुझा लिफाफा आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळाला. सही केली, तारीख आणि वेळ घातली. तो पोरगा पायऱ्या उतरायच्या आत मी तो दारातच उघडला.